संत्र्याच्या साइटवर ‘बोलायची सोय’: व्हॉट्सअॅप बटणापासून प्रश्नोत्तरांच्या पानापर्यंत

वरुड तालुक्यातल्या एका संत्रा उत्पादक गटाची वेबसाइट मी बनवली आणि मीच सांभाळतो. पाच पानांची साधी साइट आहे. गटाची ओळख, आंबिया आणि मृग बहाराच्या (संत्र्याच्या दोन हंगामांच्या) मालाची माहिती, रोपवाटिकेतली कलमं, घरपोच पेटीची नोंदणी आणि संपर्क. एका बैठकीत विषय निघाला की साइटवर ‘बोलायची सोय’ पाहिजे. कोणाला कोपऱ्यात उघडणारी चॅटची खिडकी हवी होती, कोणाला फेसबुकासारखी भिंत. अध्यक्ष काकाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते समदं ठीक आहे बावा, पण उत्तर कोन देईन?”

मी तो प्रश्न हसण्यावारी नेला आणि एक फुकट मिळणारी चॅट खिडकी लावून मोकळा झालो. तिच्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्याने बागेची चौकशी टाकली होती. ती मी पाहिली नवव्या दिवशी. तोवर त्याचा सौदा मोर्शीकडे होऊन गेला होता.

मग सगळं उपटून पुन्हा नव्याने लावलं. कोणत्या क्रमाने आणि कशासाठी, ते सांगतो. संत्र्याच्या जागी तुमची हळद, गावची शाळा किंवा बचत गट ठेवा, पायऱ्या त्याच राहतील.

आधी वही, मग बटण

कोणतंही बटण लावायच्या आधी पंधरा दिवस गटाच्या फोनजवळ एक वही ठेवा. कोण फोन करतं, काय विचारतं, किती वाजता विचारतं, एवढंच लिहायचं. आमच्या वहीत तीन प्रकारचे लोक निघाले. व्यापारी विचारतात की माल केव्हा तुटणार आणि किती टन. शेतकरी विचारतात की फळगळ होते आहे, पानं काळी पडत आहेत, काय करू. आणि नागपूर-पुण्याचे ग्राहक विचारतात की पेटी कितीला आणि कधी येईल.

व्यापाऱ्याला तासाभरात माणसाचा आवाज पाहिजे. शेतकऱ्याला फोटो दाखवायचा असतो, उत्तर संध्याकाळी आलं तरी चालतं. ग्राहकाचं उत्तर तर आधीच पानावर लिहिलेलं असायला हवं होतं, ते नव्हतं हा माझा आळस. वेळेची नोंद पाहून मी चकित झालो. रात्री अकरा ते दोनमध्येही बरेच फोन आणि मेसेज होते. शेतीची थ्री फेज लाईन रात्रपाळीची असली की माणूस मोटर लावून बांधावर जागाच असतो, आणि हातात फोन असतो.

वही भरली की प्रत्येक प्रकारासमोर एक नाव आणि एक वेळ लिहा. ज्याच्यासमोर नाव लिहिता येत नाही, ती सोय साइटवर आणायची नाही. काकाजींचा प्रश्न असा वहीतच सुटतो.

व्हॉट्सअॅपची लिंक

पहिली सोय हीच लावा. निम्म्या गटांचं काम इथेच भागतं. याला कोणतं प्लगइन (साइटला जोडायचा तयार प्रोग्राम) लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त एक लिंक लागते. पत्ता असा बनतो: डब्ल्यूए डॉट एमई, तिरपी रेघ, आणि लगेच नंबर. नंबरात आधी देशाचा संकेतांक ९१ आणि त्याला चिकटून दहा आकडे. अधिकचं चिन्ह नको, सुरुवातीचं शून्य नको, मध्ये जागा किंवा डॅश नको.

आणि आकडे इंग्रजी. ही गोष्ट सांगायची गरज पडेल असं मला वाटलं नव्हतं. साइटचा मजकूर टाइप करून देणाऱ्या पोराने सगळीकडे मराठी आकडे ठेवायचे म्हणून लिंकमधला नंबरही देवनागरीत टाकला. बटण दिसायला झकास, दाबलं की काहीच नाही. दोन दिवस मी होस्टिंगला, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेला, दोष देत बसलो होतो. पानावर दिसणारा नंबर मराठीत ठेवा, हरकत नाही. बटणामागच्या पत्त्यात तो इंग्रजीतच पाहिजे. फोन लावायच्या लिंकलाही हेच लागू. ती ‘टेल’ या शब्दाने सुरू होते, मग कोलन आणि नंबर. ही लिंक व्हॉट्सअॅपच्या शेजारीच द्या, कारण साठीच्या पुढच्या माणसाला टाइप करायचं नसतं, त्याला बोलायचं असतं.

लिंकचा खरा उपयोग आधी भरून ठेवलेल्या मजकुरात आहे. नंबरानंतर प्रश्नचिन्ह, ‘टेक्स्ट’ हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे तुमचं वाक्य. बटण दाबणाऱ्याच्या फोनवर चॅट उघडतं तेव्हा ते वाक्य टाइप केलेलं तयार असतं, त्याने फक्त पाठवायचं. प्रत्येक पानावर वेगळं वाक्य ठेवा. आमच्या रोपवाटिकेच्या पानावर ‘कलमांबद्दल विचारायचं आहे. माझं गाव:’ असं आहे, आणि मृग बहाराच्या पानावर ‘मृग बहाराच्या मालाची चौकशी. किती टन पाहिजे:’ असं. उत्तर देणाऱ्याला मेसेज पाहताक्षणी कळतं की माणूस कोणत्या पानावरून आला. नुसतं ‘हाय’ आलं की चार मेसेज विचारण्यातच जातात.

मराठी वाक्य पत्त्यात जसंच्या तसं घालू नका, ते सांकेतिक रूपात बदलून घ्यावं लागतं. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं अशा तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे ‘मृग’ या एवढ्याशा शब्दात म, ऋकाराची खूण आणि ग अशी तीन चिन्हं, आणि पत्त्यात त्याची होतात २७ अक्षरं. म्हणून वाक्य आटोपशीर ठेवा. बदलायचं काम हाताने करायचं नाही. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘एनकोड यूआरआय कंपोनंट’ हे फंक्शन ते करतं, नाहीतर ऑनलाइन यूआरएल एन्कोडर मिळतात.

बटणावर नुसतं हिरवं चिन्ह ठेवू नका, ‘व्हॉट्सअॅपवर विचारा’ असं लिहा. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली, म्हणजे खाली उजवीकडे ठेवा. पण नोंदणीच्या फॉर्मवर ते ‘पाठवा’ या बटणावर चढून बसत नाही ना, ते लहान पडद्याच्या फोनवर तपासा. आमच्याकडे बसलं होतं. लोक फॉर्म भरून शेवटी व्हॉट्सअॅपवर येऊन विचारायचे की फॉर्म कसा पाठवायचा.

आणखी एक गोष्ट खेड्यातच कळते. सेतू केंद्रावरच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर बहुधा दुकानदाराचं व्हॉट्सअॅप वेब उघडं असतं. तिथे बसून कोणी आपलं बटण दाबलं तर चौकशी जाते दुकानदाराच्या नंबरावरून. म्हणून मोठ्या पडद्यावर बटणाऐवजी क्यूआर कोड दाखवा. माणूस आपल्या फोनने स्कॅन करतो आणि मेसेज त्याच्याच नंबरावरून येतो. तोच कोड पेटीवर आणि पावतीवरही छापता येतो.

समोरच्या फोनची तयारी

लिंक ज्या नंबरावर जाते तो सचिवाचा खाजगी नंबर नको. गटाच्या नावाने वेगळं सिम घ्या. सचिव बदलला, भांडण झालं, माणूस पुण्याला गेला, तरी नंबर गटाचाच राहतो. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं अॅप टाका. ते २०१८ मध्ये आलं आणि छोट्या धंद्याला फुकट आहे. एकच नंबर साध्या आणि बिझनेस अशा दोन्ही अॅपवर एकाच वेळी चालत नाही, म्हणूनही वेगळं सिम लागतं. दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा पिन सुरू करा आणि तो गटाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. सिमचं रिचार्ज कोण करणार तेही ठरवा. सिम बंद पडून नंबर दुसऱ्याला गेला तर साइटवरचं प्रत्येक बटण त्या अनोळखी माणसाकडे जाईल.

अॅपमध्ये तीन गोष्टी लगेच भरायच्या. पहिली स्वागताचा मेसेज. नवा माणूस आला किंवा कोणी १४ दिवसांच्या खंडानंतर लिहिलं की तो आपोआप जातो. दुसरी अनुपस्थितीचा मेसेज, ज्याला वेळ लावून देता येते. आमचा रात्री नऊ ते सकाळी आठपर्यंत जातो: ‘राम राम. तुमचा मेसेज मिळाला. सकाळी नऊच्या आत उत्तर देतो. झाडाचा त्रास असेल तर फोटो पाठवून ठेवा.’ रात्रपाळीवाल्याला एवढं पुरतं. फक्त दिलेली वेळ पाळायची. तिसरी गोष्ट म्हणजे झटपट उत्तरं. तिरपी रेघ टाइप करून एखादा छोटा शब्द लिहिला की अख्खा तयार मजकूर समोर येतो. अशी ५० उत्तरं साठवता येतात, आम्हाला अकरा पुरली.

त्यातलं सगळ्यात कामाचं उत्तर फोटोचं आहे. शेतकरी काळ्या पडलेल्या पानाचा वरून फोटो पाठवतात. कोळशीची काळी माशी अंडी घालते पानाच्या मागच्या बाजूला, चक्राकार ओळीत, आणि वरचा काळेपणा ही नंतरची बुरशी असते. वरचा फोटो पाहून काही कळत नाही. म्हणून तयार उत्तर असं: ‘भाऊ, तीन फोटो पाठवा. पानाची मागची बाजू जवळून, अख्खं झाड लांबून, आणि बुंधा जमिनीलगत. एचडी निवडून पाठवा. झाडाचं वय आणि ओलित कसं आहे ते बोलून सांगितलं तरी चालेल.’ बुंधा यासाठी की डिंक्या, म्हणजे डिंक गळायचा रोग, असला तर तिथेच दिसतो. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅप दाबून लहान करतं आणि माशीची अंडी त्यात पुसली जातात, म्हणून एचडी. गटातल्या जाणकाराला जे उमगत नाही ते आम्ही कृषी सहायकाकडे किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे पाठवतो.

‘बोलून सांगा’ हे मुद्दाम आहे. आमच्याकडे आलेल्या प्रश्नांत बरेचसे आवाजी असतात, वऱ्हाडीतले, मागे मोटरचा आवाज. त्यांचा सारांश उत्तर देणाऱ्याने एका ओळीत वहीत उतरवायचा, कारण आवाजात नंतर शोधता येत नाही. पुढे प्रश्नोत्तरांच्या पानासाठी ह्याच ओळी कामी येतात.

एका नंबराला मुख्य फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे दोन-तीन जण मिळून उत्तरं देऊ शकतात. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं तुटतात, हे कपाटात फोन ठेवून देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. व्हॉट्सअॅपची पैसे घेणारी एपीआय सेवा, म्हणजे आपल्या संगणक प्रणालीला व्हॉट्सअॅप जोडायची सोय, वेगळी आहे. तिच्यात ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास मोकळेपणी लिहिता येतं, त्यापुढे मंजूर साचाच लागतो. दिवसाला शेकडो चौकश्या येत नसतील तर तिच्या नादी लागू नका.

लिंक पाठवली की फोटो दिसला पाहिजे

सोशल सोय म्हटलं की लोकांना लाइकचं बटण आठवतं. आमच्या भागात खरी सोशल हालचाल म्हणजे एकाने लिंक दुसऱ्याच्या ग्रुपवर टाकणं. ती लिंक निळ्या ओळीसारखी नागडी दिसली तर कोणी दाबत नाही. मला पहिल्याच आठवड्यात रोपवाटिकेवाल्या भाऊचा फोन आला, “फोटो काऊन नाही येऊन राह्यला बे आपल्या लिंकवर?”

हा फोटो पानाच्या वरच्या भागातल्या ओपन ग्राफ नावाच्या टॅगांमधून, म्हणजे कोडमधल्या वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या नोंदींमधून येतो. फेसबुकने ही पद्धत २०१० मध्ये आणली आणि व्हॉट्सअॅप, टेलिग्रामसुद्धा तीच वाचतात. चार टॅग भरा: शीर्षक, वर्णन, चित्र आणि पानाचा पत्ता. साइट वर्डप्रेस या तयार प्रणालीवर असेल तर एसईओचं (शोधात साइट सापडावी यासाठीचं) कोणतंही चांगलं प्लगइन ते भरून देतं, आपण फक्त प्रत्येक पानाला चित्र निवडायचं. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, जेपेग, आणि तीनशे केबीच्या आत ठेवा. जड चित्र व्हॉट्सअॅप बहुतेक वेळा दाखवतच नाही. चित्राचा पत्ता एचटीटीपीएसपासून सुरू होणारा पूर्ण हवा. हे टॅग जावास्क्रिप्टने नंतर घालून उपयोग नाही, कारण पूर्वदृश्य बनवणारे रोबोट जावास्क्रिप्ट चालवत बसत नाहीत.

शीर्षकात गटाचं लांबलचक नोंदणीकृत नाव लिहू नका, लहान फोनवर तेवढंच दिसून बाकी कापलं जातं. ‘मृग बहाराचा माल: फेब्रुवारीपासून तोड’ हे उपयोगी.

चित्र बदललं तरी जुनंच दिसत राहिलं तर घाबरू नका, ते साठवलेलं असतं. फेसबुकच्या शेअरिंग डीबगर पानावर पत्ता टाकून पुन्हा वाचायला लावता येतं. घाईत असाल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन काहीतरी जोडा, तो नवा पत्ता समजला जातो.

शेअर करायच्या बटणासाठी दहा चिन्हांच्या रंगीत माळा लावू नका. बाहेरून येणाऱ्या त्या माळा पान जड करतात आणि वाचणाऱ्याचा माग ठेवतात. फोनच्या ब्राउझरमध्ये वेब शेअर नावाची सोय आधीच असते. एक बटण, आणि ते दाबलं की फोनचीच नेहमीची शेअर यादी उघडते. ती एचटीटीपीएस असलेल्या साइटवर आणि माणसाने प्रत्यक्ष दाबल्यावरच चालते. जिथे ती नसेल तिथे नंबर न घातलेली व्हॉट्सअॅप लिंक द्या, म्हणजे डब्ल्यूए डॉट एमई, तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह आणि मजकूर. ती कोणाला पाठवायचं ते विचारते.

चॅटची खिडकी

जिने माझं नाक कापलं ती ही. दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस गटाकडे असेल तर खिडकी चांगली, नसेल तर नको. टॉक डॉट टू, क्रिस्प अशा सेवा फुकट योजना देतात. खातं उघडायचं, मिळालेला जावास्क्रिप्टचा तुकडा पानाच्या शेवटी, बॉडी टॅग बंद व्हायच्या आधी चिकटवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून तर लोक फसतात.

लावायचीच असेल तर हजर वेळ ठरवा आणि त्या वेळेबाहेर खिडकीऐवजी व्हॉट्सअॅपचं बटणच दाखवा. खिडकीचा कोड पान उघडताक्षणी उतरवू नका. आधी नुसतं चित्र ठेवा आणि कोणी दाबलं तरच कोड मागवा. क्रोमच्या डेव्हलपर साधनांत नेटवर्क टॅबवर वेग मुद्दाम कमी करून आपलंच पान उघडून पाहा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे नेट मंद असलेल्या शिवारात उभं राहून उघडा. मेळघाटात धारणीकडे आमचे एक पाहुणे आहेत, त्यांच्याकडे गेलो की मी ही चाचणी घेतो आणि दर वेळी साइटवरून काहीतरी काढून परततो.

स्वतःचं चॅट बनवायचं का

कॉलेजची पोरं हे विचारतात. शिकण्यासाठी बनवा, गटासाठी नको. तत्काळ संदेश म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडी राहणारी वाट. त्यासाठीचं वेबसॉकेट मानक २०११ मध्ये आलं. पण आपण वर्षाला काही हजारांत घेतो त्या सामायिक होस्टिंगवर अशी सतत चालणारी प्रक्रिया बहुधा ठेवू देत नाहीत. मग पोरं जुगाड करतात, दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं की नवं काही आलं का. पन्नास जण पान उघडून बसले तर सेकंदाला १० विचारणा, तासाला ३६ हजार. होस्टिंगवाला दुसऱ्या दिवशी खातं थांबवतो.

गुगलच्या फायरबेससारखी सेवा वापरली तर हा भार तिच्यावर जातो. तिच्या रिअलटाइम डेटाबेसच्या फुकट योजनेत एका वेळी १०० जोडण्या चालतात, गटाला भरपूर झालं. फक्त सुरुवातीला चाचणीचे नियम निवडले की ३० दिवस तो डेटाबेस जगाला उघडा असतो. कोणीही वाचावं, कोणीही पुसावं. नियम पहिल्या दिवशीच लिहा.

प्रश्नोत्तरांचं पान, जे मला सगळ्यात आवडतं

व्हॉट्सअॅपवर तेच उत्तर चाळीसदा जातं आणि चाळीसदा वाहून जातं. साइटवर ते एकदा लिहिलं की शोधणाऱ्याला पुढच्या वर्षीही सापडतं. म्हणून वहीतल्या ओळींतून आम्ही दर आठवड्याला एक प्रश्न निवडून, विचारणाऱ्याची परवानगी घेऊन, उत्तरासह पानावर टाकतो, आणि खाली इतरांना आपला अनुभव लिहायची जागा ठेवतो.

लिहिण्यासाठी खातं उघडायला लावू नका. एसएमएसवर ओटीपी पाठवायचा विचार असेल तर आधी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी (एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद) करावी लागते, मेसेजचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. छोट्या गटाला ते झेपत नाही. नाव, गाव आणि मजकूर एवढंच मागा, आणि मंजुरीशिवाय काही छापू नका. वर्डप्रेसमध्ये चर्चेच्या सेटिंगमध्ये पहिली प्रतिक्रिया मंजूर झालेल्याची पुढची आपोआप सोडायची सोय आहे. जास्त लिंका असलेला मजकूर अडवायची मर्यादा तिथेच असते, ती एकावर आणा. रोबोटांसाठी फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवा. तो भरून आला की समजायचं, लिहिणारा माणूस नाही. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावू नका, आमच्या शेतकऱ्यांचा त्यात जीव जातो.

आता एक चूक जवळून दाखवतो. पान सुरू झालं आणि प्रतिक्रिया येऊ लागल्या, पण बऱ्याच जणांचं नुसतं ‘राम राम’ यायचं. पुढे काहीच नाही. मला वाटलं लोक लाजत आहेत. एकाला फोन केला तर तो चिडला, “अर्धं पान लिहिलं ना मी, फळगळीचं!” तपासलं तेव्हा उलगडा झाला. लोक ‘राम राम’ लिहून लगेच हात जोडलेली इमोजी टाकतात आणि मग प्रश्न लिहितात. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमधली ‘यूटीएफ८’ नावाची रचना फक्त तीन बाइटांपर्यंतची चिन्हं साठवते. देवनागरी तीन बाइटांत बसते, म्हणून मराठी व्यवस्थित दिसत होतं. इमोजीला चार लागतात. तिथे पोचला की डेटाबेस पुढचा सगळा मजकूर गपचूप कापून टाकत होता. तक्ते ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये बदलले आणि प्रश्न पूर्ण येऊ लागले. साइट सुरू करताना हे आधीच पाहा, आणि तपासताना वाक्याच्या मधोमध इमोजी घालून पाहा.

तसंच मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रकं आणून कोणी चिकटवली तर ब्राउझरमध्ये भलतीच अक्षरं उमटतात. वाचायला ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फुकट फॉन्ट चांगले, आणि ओळींमध्ये अंतर जरा जास्त ठेवा, म्हणजे वेलांट्या-उकार एकमेकांत अडकत नाहीत. लोकांनी लिहिलेला मजकूर दाखवताना त्यातला कोड निष्प्रभ करूनच दाखवा. तयार प्रणाली हे करते, स्वतः लिहिलेल्या पानावर ते तुमचं काम. फोटो चढवू देत असाल तर त्यात दडलेली जागेची माहिती काढून टाका. बाग कुठे आहे हे चोरांनाही कळतं, आणि संत्रा तोडीच्या दिवसांत चोऱ्या होतात.

सभासदांची पानं, मैत्री, आपसांत खाजगी मेसेज असं सगळं हवं असेल तर वर्डप्रेसवर बडीप्रेस हे फुकट प्लगइन आहे आणि त्यातले घटक हवे तेवढेच सुरू ठेवता येतात. आम्ही लावून पाहिलं. सभासदांनी पान बनवलं, फोटो लावला आणि परत व्हॉट्सअॅपवर गेले. काढून टाकलं.

ग्रुप, चॅनेल आणि नंबर

ग्रुपची आमंत्रण लिंक साइटवर उघडी टाकू नका. दोन दिवसांत कर्जवाले आणि लॉटरीवाले आत येतात. टाकायचीच तर ग्रुपमध्ये नव्या सदस्यासाठी अॅडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग आधी करा. व्हॉट्सअॅप ग्रुपची मर्यादा १०२४ सदस्यांची आहे, टेलिग्रामची दोन लाखांची, पण आकड्यापेक्षा मला काळजी नंबरांची वाटते. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बचत गटातल्या बायांनी मला हे स्पष्ट सांगितलं. ग्रुपवर आलं की रात्री अनोळखी लोकांचे मेसेज सुरू होतात, म्हणून त्या येतच नव्हत्या. त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅपचं चॅनेल, म्हणजे एकतर्फी सूचनांची जागा, बरं. तिथे फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. भाव, तोडीची तारीख, बैठकीची सूचना चॅनेलवर जाते, आणि ज्यांना बोलायचंय त्या गटाच्या नंबरावर लिहितात, जिथे आता दुपारच्या पाळीत एक ताईच उत्तर देतात.

अॅडमिन व्हायला लोक घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत दिसत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. म्हणून डोळे मिटून बसायचं असं नाही. साइटवर तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि नंबर ठळक लिहा, आणि आलेली तक्रार त्याच दिवशी पाहा.

नंबर गोळा करताना कशासाठी घेत आहात ते मराठीत फॉर्मवरच लिहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्यात संमतीवर भर आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. शाळेची साइट करणाऱ्यांनी हे विशेष पाहावं.

महिन्याची फेरी

सोयी बंद पडतात. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, याहू मेसेंजर २०१८ मध्ये, गुगल प्लस २०१९ मध्ये, आणि वेबसाइटवर लावायची फेसबुक मेसेंजरची चॅट खिडकी २०२४ मध्ये. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी अर्धा तास काढतो. ज्या फोनमध्ये गटाचा नंबर साठवलेला नाही अशा फोनवरून प्रत्येक बटण दाबून मेसेज पाठवतो. उत्तर किती वेळाने आलं ते वहीत लिहितो. संपर्कांची यादी आणि प्रश्नोत्तरांचा डेटाबेस उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घेतो, तो पेन ड्राइव्ह काकाजींच्या कपाटात जातो. गेल्या सोमवारी उत्तर यायला दोन तास वीस मिनिटं लागली. काकाजींनी वही पाहिली आणि विचारलं, “सकाळच्या पाळीवर कोन होतं?” सकाळच्या पाळीवर मीच होतो.